बामियानचा बहादुर

११ नोव्हेंबर

आज चायनीजच्या गाडीवर मला माझा सिनेमा सापडला.

सेटवर साखरपुड्याचा सीन ऐनवेळी बदलून तेराव्याचा झाला. सासूबाईंचा मेकअप उतरवून परत चढवेपर्यंत तासभर मोकळा होता, म्हणून गोरेगावच्या त्या नेहमीच्या गाडीवर नूडल्स खायला गेले. गाडीवरचा नेपाळी पोरगा कढई परतत होता. तेल उडालं, त्याच्या मनगटावर पडलं आणि तो ओरडला, "सोख्तम!"

माझा चमचा हातातच राहिला. सिनेमासाठी मी फोनवर अफगाणी लोकांच्या दरी भाषेचे धडे ऐकते. सोख्तम म्हणजे भाजलो मी. नेपाळी पोरगा दरी भाषेत कशाला बोंबलेल? मला धड तीनच वाक्यं येतात, त्यातलं एक टाकलं, "तू अफगाणिस्तानचा का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. गॅस बंद केला, फडका खांद्यावर टाकला आणि मागच्या मागे निघून गेला. मालक ओरडतोय, "ए बहादुर! किधर जाता है?"

लाजला बिचारा.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांमध्ये सासवा रडवल्या. त्रेचाळिसाव्या वर्षी पहिला सिनेमा मिळालाय, तोही घाटकोपरच्या एका निर्मात्याला, प्रीतमला, गोष्ट आवडली म्हणून. कागदपत्रं नसलेला एक अफगाण निर्वासित मुंबईत येतो आणि हळूहळू गुन्हेगारीत ओढला जातो, अशी गोष्ट. हिरो ओजस. गोष्ट चांगली आहे, पण मला स्वतःलाच ती जरा कागदी वाटायची. आणि आज खरा माणूस समोर! उद्या परत जाणार.

१५ नोव्हेंबर

तीन दिवस जाऊन नूडल्स खाल्ले तेव्हा कुठे बोलला. गाडीमागे कोबीच्या पोत्यावर बसून. हिंदी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी आहे त्याचं. मी इथे मराठीतच उतरवते.

नाव झकी. वय चोवीस. बामियानचा, हजारा जमातीचा. त्या लोकांचे डोळे बारीक, गालफडं वर. इथे कुणीच त्याला अफगाण म्हणत नाही, सगळे नेपाळी समजतात. पहिल्या दिवशी मालकाने आपणहून "बहादुर" हाक मारली, याने "जी" म्हटलं. झालं.

"नेपाळच्या माणसाला व्हिसा लागत नाही, दीदी," तो म्हणाला. "कुणी काही विचारत नाही. मी फक्त गप्प राहतो."

मरोळला यूपी-बिहारच्या मुलांबरोबर खोलीत राहतो. खरा नेपाळी वॉचमन दिसला की रस्ता ओलांडतो. हे मला कधी सुचलं असतं का लिहायला?

मी त्याला म्हटलं, आमच्या हिरोला तुझी भाषा शिकव, रोजचे पैसे मिळतील. तो माझ्याकडे बघत राहिला. "नाव कुणाला सांगणार नाही ना?"

"वेडा आहेस का? आईशप्पथ नाही."

१ डिसेंबर

आज मुलुंडला घरी शिकवणी ठेवली. ओजस वेळेवर आला, झकी अर्धा तास उशिरा. का, तर आमच्या गेटवरचा वॉचमन नेपाळी! त्याने गाववाला समजून आनंदाने नेपाळीत विचारपूस सुरू केली. झकीने काय केलं? घशाला हात लावून खोकत सुटला, आवाज बसल्याची खूण केली. वॉचमनने बिचाऱ्याने त्याला स्वतःच्या बाटलीतलं गरम पाणी पाजलं, हळद घालून. हा समोर बसून सगळं प्यायला.

सांगताना झकी घामाघूम झाला होता. मी आणि ओजस पोट धरून हसलो. सीन आहे हा! रात्री लगेच लिहून काढला.

आई हसली नाही. तिने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि विचारलं, "गावी कोण आहे रे तुला?"

"बहीण आहे, आईजी. तिला आता शाळेत जाऊ देत नाहीत."

ती पोळी वाढतच राहिली आणि तो खातच राहिला. आईचं हिंदी ऐकवत नाही, पण दोघांचं जमलं. जाताना तो पाया पडला तिच्या. कुठे शिकला कोण जाणे. सिनेमातच.

१८ डिसेंबर

झकी खोटं बोलतो.

आधी म्हणाला होता, वडील शाळेत शिक्षक होते, त्यांना मारलं. आज ओजसला सांगत होता, वडील बस चालवायचे, हृदयाच्या ऑपरेशनला त्यांना घेऊन हाच इथे आला, ते इथेच वारले, तोवर तिकडे सरकार पालटलं आणि याचा व्हिसा संपला. मी म्हटलं, मग शिक्षक कुठून आले? हसून म्हणाला, "शिक्षक ऐकल्यावर लोक जास्त वेळ ऐकतात, दीदी."

राग आला. मी खऱ्या गोष्टीवर सिनेमा करतेय आणि हा मला मसाला विकतोय? यातलं खरं किती धरायचं? आणि स्वतःच्या रूपावर भलताच खूश आहे. मेकअपच्या आरशासमोरून हलत नाही. ओजससारखे केस कापून आलाय.

पण कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि राग गेला. हिरोला मुंबईत भेटणाऱ्या मानलेल्या धाकट्या भावाच्या भूमिकेसाठी बघितलेली सगळी मुलं त्याच्यापुढे पाणी भरतील. रोल त्याला दिला.

आमचा प्रॉडक्शन बघणारा नंदकिशोर कुडाळचा, माझ्याबरोबर मालिकांपासून आहे. तो बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्या झिलाक कागदपत्रा नाय. उद्या खंय अडाकलो तर कोण सोडवतलो?"

"नंदू, कागदावर बहादुर लाव आणि तू कर ना मॅनेज. नेहमी करतोस तसं."

"नेहमीचा वेगळा असता," तो म्हणाला. पण केलं त्याने.

११ जानेवारी

शूटिंग सुरू होऊन पाच दिवस झाले. झकास चाललंय. इतकं सुखाने मी कधी काम केलंय असं आठवत नाही.

आज ब्रेकमध्ये झकी पेटीवर बसून चहा पीत ओजसला त्याच्या गावचं सांगत होता. डोंगरात कोरलेले मोठ्ठे बुद्ध होते, ते त्याच्या जन्माच्या सुमाराला उडवले. त्याने बघितलेच नाहीत. त्याने बघितले ते रिकामे कोनाडे. "आम्हाला वाटायचं डोंगर असाच असतो, मध्ये दोन दारं असलेला. मी आजीला विचारायचो, इथे कोण राहतं?" मग त्याने आजीचं अंगाईगीत म्हटलं. लाइटवाल्यांनीसुद्धा केबल ओढायचं थांबवलं.

प्रीतमच्या ऑफिसातली मुलगी फोनवर शूट करत होती. मी हे जसंच्या तसं सिनेमात घ्यायचं ठरवलं. भाऊ, जिन्यात, हिरोला सांगतोय: मी बामियानचा.

१६ जानेवारी

दिवसभर पावसाच्या टँकरशी मारामारी. मध्येच प्रीतमचा फोन, "मृणालिनी, तो चहावाला व्हिडिओ रीलमध्ये टाकू का? 'आमच्या सिनेमातला खरा निर्वासित' असं. चालेल ना?" लाइट जात होता. हो म्हटलं, टाक.

संध्याकाळी झकी आला. "दीदी, ते नका दाखवू."

"अरे, चेहरा निम्माच दिसतोय तुझा. आणि किती गोड दिसतोयस! लोक प्रेम करतील तुझ्यावर."

तो थोडा वेळ फोनमध्ये स्वतःला बघत राहिला. मग म्हणाला, "केस चांगले आलेत." म्हणजे त्याचीही फारशी हरकत नव्हती.

२१ जानेवारी

रील तुफान चाललीय. सिनेमा अर्धासुद्धा झाला नाही आणि एका परदेशी महोत्सवाच्या बाईचा मेल आला, कच्चं काही असेल तर दाखवा म्हणून. प्रीतमने युनिटला जिलेबी वाटली. आईला रील दाखवली. ती म्हणाली, "त्याला विचारलंत ना?" तिला सोशल मीडिया कळत नाही.

झकी दोन दिवस आला नाही. नंदू सांगत होता, चायनीजवाल्याने त्याला कामावरून काढलं. धंदा मंद असेल. बरंच झालं, आता पूर्ण वेळ आपल्याला मिळेल.

२७ जानेवारी

आज सुट्टी. दुपारी झकी न सांगता घरी आला. वॉचमनने वर फोन करून विचारलं, "सोडू का?" याआधी कधी विचारलं नव्हतं.

त्याच्या मरोळच्या खोलीत एक माणूस आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. त्यानेच झकीला जागा दिली होती. काल त्याने सगळ्यांसमोर म्हटलं, "बहादुर, जरा नेपाळीत बोलून दाखव." हा गप्प. मामा हसला. म्हणाला, घाबरू नकोस, मी कशाला कुणाला सांगू? तू माझं थोडं काम कर. एक बॅग इथून तिथे न्यायची, बस.

"काय असतं बॅगेत?" मी विचारलं.

"विचारायचं नाही म्हणाला."

मामाला कळलं कसं, तेच मला कळत नाही. झोपेत बडबडला असेल. किंवा कुणापाशी बढाई मारली असेल, तो कमी नाही.

झकी म्हणाला, "दीदी, थोडे दिवस इथे राहू का? त्या मागच्या खोलीत. मी जमिनीवर झोपेन."

ती बाबांची खोली. तिथे आता माझं एडिटिंगचं मशीन आहे, हार्ड डिस्क आहेत, वायरींचं जाळं आहे. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "राहा की. त्यात काय विचारायचं?"

तिला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. सोसायटीत पोलिसांचं भाडेकरूंचं रजिस्टर आहे, उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू? सिनेमा अडकेल. शंभर माणसांचं पोट आहे या सिनेमावर. आई म्हणाली, "शंभर माणसं आपापल्या घरी झोपतात गं."

बाहेर येऊन त्याला सांगितलं, थोडे दिवस कळ काढ. माझी शाळेतली मैत्रीण श्वेता वकील आहे, शेड्यूल संपलं की तुला तिच्याकडे नेते, ती सगळं नीट करेल. तो लगेच "हो दीदी" म्हणाला. आईने डबा भरून दिला.

वाईट वाटलं. नाही असं नाही. पण वाईट वाटून घ्यायला आत्ता वेळ कुठाय?

३० जानेवारी

झकीने बॅग नेली. मरोळहून घाटकोपरला. चोरीचे मोबाईल असतात, चेनच्या फटीतून दिसले त्याला.

शॉट लागेपर्यंत व्हॅनमध्ये बसवून मी त्याला सगळं विचारलं. बॅग कोणत्या खांद्याला? पाठीला की पोटाशी? पोलीस दिसला तेव्हा काय केलंस? चाललास की थांबलास? त्याने सगळं सांगितलं. पोलीस दिसला तेव्हा याने त्यालाच जाऊन वेळ विचारली. का, तर चोर कधी पोलिसाला वेळ विचारत नाही.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पटकथेत हिरोच्या हातात पिस्तूल येतं! किती खोटं. कुणी पिस्तूल देत नाही, बॅग देतात. शेवटची वीस पानं फाडली. आता बॅग धाकट्या भावाकडे येते, तो पकडला जातो आणि हिरो ते लांबून बघत राहतो. ओजसला फोन केला, तो म्हणाला, "मॅम, हे जबरदस्त आहे."

झकीला म्हटलं, परत नेऊ नकोस. तो म्हणाला, नाही नेली तर मामा चौकीत सांगेल. मी म्हटलं, चार-पाच दिवस टाळ, आजारी आहेस सांग. शेड्यूल संपतंच आलंय.

६ फेब्रुवारी

बॅगेचा सीन घेतला, घाटकोपरच्या स्कायवॉकवर, कॅमेरा लपवून. गर्दी खरी, पोलीस आमचा. झकीने पहिल्याच टेकमध्ये असं काही केलं की मॉनिटरसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोलिसाला वेळ विचारतो, तो सांगतो, हा "थँक्यू साहब" म्हणतो आणि पुढे चालताना स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडे बघतो, घड्याळ जुळवल्यासारखं. कुणी सांगितलं नव्हतं ते. पुन्हा घ्यायची गरजच पडली नाही. युनिटने टाळ्या वाजवल्या. ओजसने मिठी मारली, पण त्याचा चेहरा उतरला होता. हिरो आपण आणि सीन दुसऱ्याचा, हे त्याला कळलं असणार.

पॅकअपनंतर झकी म्हणाला, "दीदी, वकीलबाईंकडे आज जायचं का?"

प्रीतमबरोबर मीटिंग होती. सोमवारी नक्की, म्हटलं. तो बरं म्हणाला आणि निघाला. पाठीला बॅग होती. आमची बॅग तर कपडेवालीने जमा करून घेतली होती, मी स्वतः बघितलं होतं. क्षणभर मनात आलं, हाक मारावी. पण त्याची स्वतःची पण बॅग असू शकते. असतेच की माणसाकडे एखादी बॅग.

९ फेब्रुवारी

वाट लागली.

सकाळी नंदू आला, फोन न करता. पेपर पुढे केला. आतल्या पानावर छोटी बातमी. घाटकोपर स्टेशनबाहेर चोरीच्या मोबाईलसह परदेशी तरुण अटकेत, नेपाळी असल्याचं भासवून अनेक वर्षं वास्तव्य. नाव नाही. मामाचं तर नामोनिशाण नाही.

"माका रात्री फोन इल्लो पोलिसांचो," नंदू म्हणाला. "त्याच्या मोबाईलात माझो नंबर होतो. मी जाऊन इलंय. मारल्यानी त्याका. ओठ फुटलोहा."

माझ्या तोंडून निघालं, "बुधवारचं पॅच शूटिंग राहिलंय त्याचं."

नंदूने माझ्याकडे बघितलं. मग पेपर घडी करून घेतला. "मॅडम, तुम्ही येतास काय माझ्यावांगडा? तुम्ही सांगितलास तर आयकतीत. रील आसा, सगळा आसा. हो झील खयचो, कित्या इलो, सांगाक नको?"

म्हटलं, आधी श्वेताला विचारते.

१० फेब्रुवारी

श्वेताने सगळं ऐकून घेतलं आणि मला झापलं. "मृणाल, तुला माहीत होतं त्याच्याकडे कागद नाहीत? माहीत असून कामावर ठेवलंस? आणि खोट्या नावाने व्हाउचर केलंस? तू आरोपी होशील, साक्षीदार नाही. कळतंय का?"

"मग काय करू?"

"मी वकील म्हणून फक्त कायदा सांगते. तुला माहीत नव्हतं, तर तुझा काही संबंध नाही. माहीत होतं की नव्हतं, ते तू ठरव."

झकीसाठी काही करता येईल का, हे विचारायचं राहून गेलं. फोन ठेवल्यावर आठवलं.

प्रीतमने रील उडवली. पण पोलिसांनी ती आधीच बघितलीय. तो म्हणाला, "तू दिग्दर्शक आहेस ना? सांग, सीन होता. संवाद होता. सिनेमात आहेच की तो." खरं आहे. सिनेमात आहेच.

रात्री आईने विचारलं, "उद्या जातेस ना चौकीत?" म्हटलं, परवा बोलावलंय. ती म्हणाली, "मी येते."

१२ फेब्रुवारी

जाऊन आले. लिहायला बसवत नाही, पण लिहिते.

आई डबा घेऊन बाकावर बसली, शेजारी नंदू. मला आत इन्स्पेक्टरसमोर बसवलं. तसा सभ्य माणूस. त्याची बायको आमची मालिका बघते. चहा मागवला. मग झकीला आणून भिंतीशी उभं केलं. ओठ सुजलेला, केस कसेतरी. मला बघून त्याचा चेहरा उजळला. मी कागदावर बघत राहिले.

"हाच ना मॅडम?"

"हो."

"तुम्हाला काय सांगितलं होतं याने? कुठला म्हणून?"

मी म्हटलं, "नेपाळचा."

दार उघडंच होतं. बाहेरून आईचा आवाज आला, "मृणाल?" हळू, लहानपणी पडले की हाक मारायची तसा.

इन्स्पेक्टरने फोन पुढे केला. त्यात रील होती, कुणीतरी उतरवून ठेवलेली. झकी पेटीवर बसलेला, चहाचा ग्लास. आपण बामियानचे म्हणून सांगतोय, मग गातोय. "हे काय मग?"

"सिनेमातला सीन आहे. संवाद आम्ही लिहून दिले होते."

"गाणंपण?"

"गाणंपण."

आई दारात येऊन उभी राहिली. हातात डबा तसाच. "साहेब, मी सांगते. हा अफगाणिस्तानचा आहे. आमच्या घरी जेवायचा. त्याने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि ही तिथेच..."

"आईजींना काही माहीत नाही, साहेब," झकी मध्येच बोलला. सुजलेल्या ओठातून नीट शब्द फुटत नव्हते, तरी मोठ्याने बोलला. "वयस्कर आहेत. मी सगळ्यांनाच काहीबाही सांगायचो. दीदीला नेपाळ सांगितलं होतं."

"आणि हे व्हिडिओतलं? बामियान?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही, देवाशप्पथ. त्याने आपणहून सांगितलं.

"ते दीदीने लिहिलं होतं. मी पाठ केलं."

"मग तू कुठला रे?"

इन्स्पेक्टरने दोनदा विचारलं, मग हवालदाराने मान धरून त्याला आत नेलं. आईने डबा टेबलावर ठेवला आणि मी सही करेपर्यंत तिथेच उभी राहिली.

परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "बघितलंस ना? त्याने स्वतःच कबूल केलं." ती रस्त्याकडे बघत होती. नंदू रिक्षात बसलाच नाही. बसने जातो म्हणाला.

मी हलकी झाले, हे इथे लिहायला हरकत नाही. भीती होती की तो ओरडेल, शिव्या देईल, दीदी दीदी करेल. काही केलं नाही त्याने. अगदी सहज बोलला. खोटं बोलायची सवय असली की माणसाला जड जात नाही.

२६ फेब्रुवारी

नंदूने काम सोडलं. कारण सांगितलं नाही. पोराच्या परीक्षा म्हणाला. त्याचा पोरगा तर नोकरीला आहे.

२८ एप्रिल

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. एडिटिंगमध्ये मान वर करायला फुरसत नव्हती.

झकीचं सगळं आईकडून कळतं. माझ्याशी बोलते ती एवढंच. त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली. ती संपली की परत पाठवायचं, पण कुठे, तेच ठरेना. नेपाळवाले म्हणतात आमचा नाही. अफगाणिस्तानचा म्हणावं तर पुरावा नाही. एका संस्थेच्या वकीलबाईने अर्ज केला होता निर्वासित म्हणून, त्याला उत्तर आलं की आरोपीने स्वतःच जबाबात ते नाकारलं आहे. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलंय. आई आठवड्यातून एकदा जाते भेटायला, नंदूबरोबर. जाताना मला सांगत नाही, आल्यावर सांगते. मी ऐकते.

मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "तुला भेटायचं आहे का, विचारत होता."

म्हटलं, मिक्सिंग संपू दे.

आज गोरेगावला डबिंग होतं. झकीचा आवाज वापरायचा नाही असं प्रीतमच्या वकिलाने सांगितलंय, म्हणून नाटकातला एक मुलगा बोलावला. मेहनती आहे. बाकी सगळं बसलं, पण जिन्यातला सीन अडला. भाऊ म्हणतो, "मी बामियानचा." ते वाक्य तर ठेवायचंच नाही, केस परत उघडायला नको म्हणून वकिलाने लाल पेनाने खोडलंय. त्या जागी "मी डोंगरातला" म्हणून बघितलं. ओठ जुळेनात. "मी लांबचा." जुळेना. त्या मुलाने वीसेक वेळा म्हटलं असेल. झकीचा चेहरा समोर एवढा मोठा, आणि ओठ प्रत्येक वेळी तेच म्हणतायत. आवाज बंद केला तरी समजतं काय म्हणतोय.

शेवटी एडिटरने दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट काढला. त्यात झकी जिन्यात बसलाय, पाठमोरा, नुसती मान आणि खांदे, आणि समोर ओजसचा चेहरा. आता कुठलंही वाक्य टाका, चालतं. ओजस फोनवर खूश झाला.

मी दोन-तीनदा बघितला. पाठमोराच चांगला आहे. त्यात जास्त अर्थ येतो.